हातयंत्र व घरयंत्र : खेळणाऱ्यांच्या सामाईक वर्गाचे मापन
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

व्हिडिओ गेमची यंत्रे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारचे यंत्र हाती धरून, त्याच्याच लहानशा पडद्यावर खेळावयाचे असते व ते खिशात वा पिशवीत घालून कोठेही नेता येते. दुसऱ्या प्रकारचे यंत्र घरातील दूरचित्रवाणी संचास जोडावे लागते; ते जेथे संच असेल तेथेच राहते. सोयीसाठी पहिल्यास 'हातयंत्र' व दुसऱ्यास 'घरयंत्र' असे प्रस्तुत लेखात म्हटले आहे. हातयंत्रावर खेळणारे किती व घरयंत्रावर खेळणारे किती, हे दोन आकडे निरनिराळ्या मार्गांनी मिळविता येतात. परंतु या दोहोंवरही खेळणारे, म्हणजे दोन्ही वर्गांत सामाईक असणारे लोक किती, हे त्या दोन आकड्यांकडे कितीही वेळ पाहिले तरी समजत नाही. ते स्वतंत्रपणे मोजावे लागते.

सामाईक वर्गाच्या या मापनाकडे माध्यमांच्या अभ्यासात बहुधा जाहिरातदारांची गरज म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्याचे महत्त्व अधिक व्यापक आहे. एखादे नवे साधन जुन्या साधनाची जागा घेत आहे, त्यास पूरक ठरत आहे, की आजवर वंचित राहिलेल्या लोकांपर्यंत प्रथमच पोहोचत आहे, या तीन शक्यतांमधील भेद सामाईक वर्गाच्या आकारावरूनच करता येतो. बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन शेजारी तालुके या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत. कारण येथे शहर, कारखान्याची वसाहत, बागायती गाव, जिरायती गाव आणि हंगामी मजुरांचा तळ ही सर्व अगदी थोड्या अंतरात आढळतात.

२. विक्रीचे आकडे आणि माणसे

या विषयातील पहिली व सर्वांत सामान्य चूक म्हणजे विकलेली यंत्रे मोजून माणसे मोजल्याचे समाधान मानणे. जपानमधील निन्टेंडो या कंपनीचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे. या कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' हे घरयंत्र व १९८९ मध्ये 'गेम बॉय' हे हातयंत्र बाजारात आणले. पुढे २००४ मध्ये 'डीएस' हे हातयंत्र व २००६ मध्ये 'वी' हे घरयंत्र आले. 'डीएस'चे एकूण सुमारे १५ कोटी ४० लाख नग विकले गेले व 'वी'चे सुमारे १० कोटी १६ लाख. या दोहोंची बेरीज २५ कोटी ५६ लाख होते. परंतु ही बेरीज माणसांची नव्हे.

एका यंत्रामागे एकच माणूस व एका माणसामागे प्रत्येक प्रकारचे एकच यंत्र असे क्षणभर गृहीत धरले, तरीही एकूण माणसांची संख्या २५ कोटी ५६ लाख असेलच असे नाही. 'वी' घेणाऱ्या प्रत्येकाकडे 'डीएस' असेल, तर एकूण माणसे केवळ १५ कोटी ४० लाख भरतील. दोन्ही यंत्रे असणारा एकही मनुष्य नसेल, तर ती २५ कोटी ५६ लाख भरतील. सत्य या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असणार. आणि ही दोन टोके एकमेकांपासून १० कोटींहून अधिक अंतरावर आहेत. ज्या आकड्यात एवढी अनिश्चितता आहे त्यावर कोणताही निष्कर्ष उभारणे धाडसाचे ठरेल.

उत्पादकांनाही या प्रश्नाची जाणीव पूर्वीपासून होती असे दिसते. गेम बॉयचे खेळ घरच्या दूरचित्रवाणीवर खेळता यावेत यासाठी 'सुपर गेम बॉय' नावाचे जोडसाधन १९९४ मध्ये निघाले. हातयंत्र असणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी त्याच कंपनीचे घरयंत्रही आहे, या गृहीतावरच असे साधन खपू शकते. २०१७ मध्ये आलेल्या 'स्विच' या यंत्राने तर हा भेदच पुसून टाकला. तेच यंत्र हाती धरता येते व दूरचित्रवाणीसही जोडता येते. अशा यंत्राच्या बाबतीत 'हे कोणाकडे आहे' हा प्रश्न निरर्थक होतो व 'ते केव्हा, कोठे व कोणाबरोबर वापरले जाते' हा प्रश्न पुढे येतो.

३. दोन तालुक्यांतील परिस्थिती

जपान वा अमेरिका येथील कल्पना बारामती-इंदापुरास जशाच्या तशा लावता येत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार बारामती तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ३० हजार व इंदापूर तालुक्याची सुमारे ३ लाख ८३ हजार होती. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरील ऊस हा या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा होय. बारामतीस नगरपालिका, महाविद्यालये व औद्योगिक वसाहत आहे. माळेगाव व सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने आहेत. त्याच तालुक्यातील मोरगाव-सुपे हा भाग मात्र प्रामुख्याने जिरायती व अवर्षणप्रवण आहे. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरसारखी जुनी कारखानदारी वसाहत, भवानीनगरचा साखर कारखाना, भिगवणपासून पूर्वेस पसरलेला उजनीचा जलाशय आणि पाण्याची नेहमी ओढ असणारी कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील गावे असे निरनिराळे विभाग पडतात.

महाराष्ट्राच्या निमशहरी भागात १९९० च्या दशकात दोन प्रकारची यंत्रे जवळजवळ एकाच वेळी पोहोचली. जत्रेत वा बाजारपेठेतील दुकानात मिळणारे, ठोकळे रचण्याचा खेळ असलेले स्वस्त 'ब्रिक गेम' हे हातयंत्र. आणि 'टीव्ही गेम' या नावाने ओळखले जाणारे, मुख्यतः फॅमिकॉमच्या नकलांच्या स्वरूपातील घरयंत्र. दुसऱ्यासाठी दूरचित्रवाणी संच, वीज व संचावर थोडा वेळ हक्क सांगण्याची मुभा या तिन्ही गोष्टी आवश्यक होत्या. पहिल्यासाठी केवळ दोन-तीन घटमाला पुरत.

त्यानंतर हातयंत्राची जागा भ्रमणध्वनीने, म्हणजे मोबाइलने घेतली. नोकियाच्या मोबाइलवरील 'स्नेक' हा खेळ १९९७ पासूनचा; सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त आंतरजालामुळे मोबाइलवरील खेळांचे स्वरूपच पालटले. म्हणून या दोन तालुक्यांत 'हातयंत्र' याचा व्यवहारातील अर्थ मोबाइल असा होतो, आणि 'घरयंत्र' याचा अर्थ दूरचित्रवाणी संचास जोडलेले कोणतेही खेळयंत्र असा होतो. यातील एक फरक लक्षात ठेवावा लागतो. गेम बॉय हे खेळण्यासाठीच विकत घेतले जाई. मोबाइल बोलण्यासाठी, ऊसबिलाचा संदेश पाहण्यासाठी वा बाजारभाव विचारण्यासाठी घेतला जातो व त्यावर खेळ आनुषंगिकपणे येतो. त्यामुळे मोबाइल असणे व मोबाइलवर खेळणे यांत स्वतंत्र भेद करणे भाग पडते.

४. जनगणनेतील एक उपयुक्त कोष्टक

सामाईक वर्ग कसा मोजावा याचा एक उत्तम नमुना २०११ च्या जनगणनेतच उपलब्ध आहे. घरातील सोयींच्या कोष्टकात दूरध्वनीविषयी 'फक्त घरातील दूरध्वनी', 'फक्त मोबाइल' व 'दोन्ही' असे तीन स्वतंत्र रकाने आहेत. घरातील दूरध्वनी म्हणजे एका जागी स्थिर असणारे साधन व मोबाइल म्हणजे हाती वागवावयाचे साधन. म्हणजे प्रस्तुत प्रश्नाशी त्याचे साम्य पुष्कळच आहे.

संपूर्ण भारतातील कुटुंबांपैकी ४.० टक्के कुटुंबांकडे फक्त घरातील दूरध्वनी होता, ५३.२ टक्क्यांकडे फक्त मोबाइल व ६.० टक्क्यांकडे दोन्ही. म्हणजे घरातील दूरध्वनी असणारी कुटुंबे १०.० टक्के व मोबाइल असणारी ५९.२ टक्के झाली. येथे पहिली गोष्ट दिसते ती अशी, की सामाईक वर्ग एकच असला तरी तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही. घरातील दूरध्वनी असणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांकडे मोबाइल होता. परंतु मोबाइल असणाऱ्यांपैकी सुमारे १० टक्क्यांकडेच घरातील दूरध्वनी होता. 'सामाईक वर्ग ६० टक्के' व 'सामाईक वर्ग १० टक्के' ही दोन्ही विधाने एकाच वस्तुस्थितीची आहेत. यास्तव अशी टक्केवारी देताना छेदस्थानी कोणता वर्ग आहे, हे सांगितल्याविना तिला काहीच अर्थ राहत नाही.

दुसरी गोष्ट अपेक्षित सामाईक वर्गाची. दोन साधनांचा एकमेकांशी काहीही संबंध नसता, तर दोन्ही बाळगणारे किती असते? संभाव्यतेच्या नियमाप्रमाणे १०.० टक्के व ५९.२ टक्के यांचा गुणाकार, म्हणजे ५.९ टक्के. प्रत्यक्ष आकडा ६.० आहे. प्रत्यक्ष आकड्यास अपेक्षित आकड्याने भागून येणाऱ्या संख्येस 'सामाईकतेचा गुणक' म्हणता येईल. तो येथे १.०१ येतो. गुणक १ च्या आसपास असल्यास साधने परस्परनिरपेक्ष; १ हून बराच अधिक असल्यास एकमेकांस ओढणारी; १ हून बराच कमी असल्यास एकमेकांची जागा घेणारी, असा त्याचा प्राथमिक अर्थ होतो. ब्रिटनमधील गुडहार्ट व एरेनबर्ग यांनी १९६९ साली दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी मांडलेला नियम याच धर्तीचा आहे. दोन कार्यक्रमांचा सामाईक प्रेक्षकवर्ग हा त्या दोन कार्यक्रमांच्या प्रेक्षकप्रमाणांच्या गुणाकाराशी ठरावीक गुणोत्तर राखतो, असे त्यांना आढळून आले.

५. एकत्रीकरणातील धोका

वरील १.०१ या गुणकावरून भारतात घरातील दूरध्वनी व मोबाइल परस्परनिरपेक्ष आहेत असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ग्रामीण व शहरी आकडे वेगळे केले की चित्र बदलते. ग्रामीण भागात फक्त घरातील दूरध्वनी ३.१, फक्त मोबाइल ४७.९ व दोन्ही ३.३ टक्के; गुणक १.०१. शहरी भागात हेच आकडे ५.९, ६४.३ व ११.७ टक्के; तेथे अपेक्षित सामाईक वर्ग १३.४ टक्के येतो व गुणक ०.८७ भरतो. म्हणजे शहरांत मोबाइल हा घरातील दूरध्वनीची जागा घेत असल्याचे लक्षण दिसते, आणि देशाच्या एकत्रित आकड्यात ते पूर्णपणे लपून जाते. दोन्ही साधने शहरांत अधिक व खेड्यांत कमी असल्यामुळे केवळ मिसळीनेच गुणक वर चढतो.

बारामती-इंदापुरास हा धोका अधिकच लागू पडतो. केवळ समजुतीसाठी कल्पिलेले एक उदाहरण घेऊ. एका बागायती गावात १०० कुटुंबे असून त्यांपैकी ८० कुटुंबांत हातयंत्रावर व ५० कुटुंबांत घरयंत्रावर खेळ होतो. दोन्ही असणारी कुटुंबे ४० आहेत. एका जिरायती गावातही १०० कुटुंबे असून तेथे हे आकडे अनुक्रमे ४०, १० व ४ आहेत. दोन्ही गावांत गुणक बरोबर १ आहे. म्हणजे कोठेही एका यंत्राचा दुसऱ्याशी संबंध नाही. आता दोन्ही गावे एकत्र केली, तर २०० कुटुंबांत हातयंत्र १२०, घरयंत्र ६० व दोन्ही ४४ होतात. अपेक्षित आकडा ३६ असल्याने गुणक १.२२ येतो. हातयंत्राची सवय घरयंत्राकडे नेते, असा निष्कर्ष कोणीही सहज काढील. तो सर्वस्वी चुकीचा ठरेल. त्या आकड्यामागे सवय नसून कालव्याचे पाणी आहे.

म्हणून या दोन तालुक्यांची पाहणी करताना तालुका हा एकक घेणे युक्त नव्हे. नगरपालिका क्षेत्र, कारखान्याच्या वसाहती, बागायती गावे व जिरायती गावे असे थर आधी पाडून प्रत्येक थरात गुणक वेगळा काढला पाहिजे. थरांमध्ये गुणक सारखा आढळला, तरच एकत्रित विधान करण्यास आधार मिळतो.

६. घर आणि व्यक्ती

जनगणनेचा एकक कुटुंब आहे. खेळणारी मात्र व्यक्ती असते. घरात दोन्ही यंत्रे असूनही एकाच व्यक्तीने दोन्ही वापरली असतील असे नाही. मोठा मुलगा मोबाइलवर खेळतो व धाकटा दूरचित्रवाणीवर, अशा घरात कुटुंब या एककाने सामाईकता पूर्ण दिसते, व्यक्ती या एककाने ती शून्य असते.

या भेदाचा सर्वांत मोठा परिणाम स्त्रिया व मुली यांच्या गणनेवर होतो. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील सुमारे ९३ टक्के कुटुंबांत मोबाइल आढळला. परंतु स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या १५ ते ४९ वयोगटातील स्त्रिया सुमारे ५४ टक्केच होत्या. ग्रामीण भागात तर सुमारे ४७ टक्के. कुटुंबाच्या कोष्टकात जवळजवळ प्रत्येक घरात पोहोचलेले साधन निम्म्या स्त्रियांच्या हाती नव्हते. मुलींच्या बाबतीत प्रश्नावलीत 'घरात आहे का' एवढाच प्रश्न असेल, तर उत्तर भावाच्या मोबाइलविषयी मिळेल. यास्तव मालकी, हाती मिळण्याची संधी व प्रत्यक्ष खेळणे असे तीन प्रश्न प्रत्येक व्यक्तीस, आणि शक्यतो इतरांच्या गैरहजेरीत, विचारणे आवश्यक ठरते.

७. हंगामाचा प्रश्न

साखर कारखान्यांच्या परिसरातील लोकसंख्या वर्षभर सारखी नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात व गळीत हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाजवळ वा कारखान्याच्या तळावर कोप्या उभारून राहतात. पुष्कळदा मुलेही बरोबर असतात. कोपीत दूरचित्रवाणी संच असण्याची शक्यता थोडी. मोबाइल मात्र टोळीचा व्यवहार सांभाळण्यासाठी लागतोच. म्हणजे 'फक्त हातयंत्र' या रकान्यात पडणारा हा वर्ग होय. शिधापत्रिकांच्या किंवा मतदारांच्या यादीवरून नमुना निवडला, तर ही कुटुंबे त्यात येतच नाहीत. पाहणी जून महिन्यात केली, तर ती तालुक्यातच नसतात. दोन्ही प्रकारे 'फक्त हातयंत्र' हा रकाना रोडावतो व सामाईक वर्ग प्रत्यक्षाहून मोठा दिसू लागतो. एकच पाहणी माघात व आषाढात अशी दोनदा करणे हा यावरील साधा उपाय आहे.

८. मापनाचे महत्त्व

खेळासारख्या विषयात एवढी बारकाई कशासाठी, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर २०२० सालच्या अनुभवात आहे. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. त्यानंतर पाठ पोहोचविण्याचे दोन प्रमुख मार्ग अवलंबिले गेले : मोबाइलवरील 'दीक्षा'सारखी साधने, आणि जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर दाखविण्यात आलेली 'तिलीमिली' ही मालिका. एक मार्ग हातातील पडद्याचा, दुसरा घरातील पडद्याचा. हे दोन मार्ग मिळून किती मुलांपर्यंत पोहोचले, हे सामाईक वर्गाच्या आकारावर अवलंबून होते. १०० मुलांपैकी ६० जणांना मोबाइल व ६० जणांना दूरचित्रवाणी उपलब्ध असेल, तर सामाईक वर्ग २० असताना एकही मूल सुटत नाही. तोच ६० असताना ४० मुले सुटतात. दोन्ही प्रसंगी प्रत्येक मार्गाचा स्वतंत्र अहवाल मात्र '६० टक्के' असाच राहतो. ज्या मुलांच्या वाट्यास दोहोंपैकी काहीच आले नाही, ती कोणत्याही एका साधनाच्या अहवालात वेगळी दिसत नाहीत. ती चौथ्या रकान्यात असतात, आणि तो रकाना आखल्याशिवाय दिसत नाही.

एखादे साधन अकस्मात बंद झाल्यासही सामाईक वर्गाचे मोल कळते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने 'पबजी मोबाइल' या खेळावर बंदी घातली; ती मोबाइलवरील आवृत्तीपुरती होती व संगणक आणि घरयंत्रे यांवरील आवृत्त्या तीत आल्या नव्हत्या. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती अधिकृतपणे सुरू होईपर्यंतचा काळ हा अभ्यासकांना आयताच लाभलेला प्रयोग होय. ज्यांच्याकडे दोन्ही यंत्रे होती त्यांना दुसरीकडे वळता आले. ज्यांच्याकडे केवळ मोबाइल होता त्यांना खेळ सोडणे वा दुसरा खेळ शोधणे भाग पडले. अशा घटनेच्या आधी व नंतर त्याच व्यक्तींना त्याच प्रश्नांची उत्तरे विचारली, तर पूरकता व पर्याय यांतील भेद कोणत्याही सूत्रापेक्षा स्पष्टपणे पुढे येतो.

या विवेचनातून पाहणीची एक किमान चौकट निष्पन्न होते. दोन्ही यंत्रांविषयीचे प्रश्न एकाच व्यक्तीस एकाच बैठकीत विचारावेत. उत्तरांचे 'दोन्ही', 'फक्त हातयंत्र', 'फक्त घरयंत्र' व 'एकही नाही' असे चार रकान्यांचे कोष्टक करावे. ते प्रत्येक थरासाठी व प्रत्येक हंगामासाठी वेगळे मांडावे, आणि टक्केवारीबरोबर तिचा छेद नेहमी द्यावा. या कामास मोठा खर्च लागत नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांच्या लहानशा गटास ते एका वर्षात करता येण्याजोगे आहे. बारामतीच्या बाजारपेठेतील मुलगा, सुप्याकडील जिरायती वस्तीवरील मुलगी व भवानीनगरच्या फडावरील कोपीत राहणारे मूल ही तिघेही 'तालुक्यातील खेळणारे' या एकाच शब्दप्रयोगात सामावली जातात. त्यांना वेगवेगळ्या रकान्यांत पाहता येणे, हेच या मापनाचे प्रयोजन होय.